संशयित जुळी

वडगावात माग आता मोजकेच उरलेत.
तरी दुपारी दोन-तीन घरांतून येतं, खटक, खटक,
आणि मी वाचनालयाच्या माळ्यावर
पुस्तकांची नावं फाईलीत घालत असतो.
एक नोंद म्हणजे एक महिरपी कंस:
उघडायचा, आत लेखक, नाव, साल, गाव,
प्रत्येक ओळीमागे स्वल्पविराम,
आणि बंद करायचा.
बंद करायला विसरलो की पुढची अकराशे पुस्तकं
एकाच पुस्तकाच्या पोटात जातात,
सूचीचं पान पांढरं पडतं,
आणि कुणीतरी मच्छ्याहून फोन करतं,
"सर, काय झालं? काहीच दिसना की!"

बाबा मागाला पुठ्ठ्यांची माळ लावायचे.
एक भोक चुकलं तर पदरावरच्या
प्रत्येक मोराला तीच लंगडी मान.
ते मोराला हात लावत नसत.
पुठ्ठा काढायचा, भोक बुजवायचं, माळ परत ओवायची.
मीही पानाला हात लावत नाही.
फाईल सुधारतो, गुरुवारी रात्री
पान नव्यानं विणून येतं.

सगळ्यात जास्त वेळ 'गाव' खातं.
बेळगाव.
बेळगांव, अनुस्वारासकट.
बेलगाम.
बेळगावी.
आणि एका हौशी संपादकाचं वेणुग्राम.
यंत्राला वाटतं ही पाच शहरं आहेत,
पुस्तकं पाच ठिकाणी वाटून देतं.
नियम म्हणतो, एकच ठरवा.
मी तीन गुरुवार ठरवत होतो.
शेवटी पुस्तकावर जे छापलंय ते तसंच ठेवलं
आणि खाली एक न दिसणारी ओळ घातली,
फक्त क्रमासाठी: ०१.
आता सगळी एकाखाली एक येतात.
०१ वर अजून कुणी हरकत घेतलेली नाही.

कन्नड नोंदी शिवलीला हत्तरगी पाठवते,
बैलहोंगलाहून, पंधरवड्यातून एकदा,
वर एकच वाक्य: "बघा, जुळतंय काय."
गेल्या खेपेला तिच्याकडून आलं
खानापूरच्या कौलांवरचं एक पुस्तक,
१९६२, लेखक एस. आर. मुत्तगी.
माझ्याकडे होतंच, 'कौलांची माती, भाजणी व भाव',
१९६२, शि. रा. मुतगेकर.
चौसष्ट पानं. तिकडेही चौसष्ट.
छापखाना शहापूरचा, तोच.
अर्पण, दोन्हीकडे, भट्टीवाल्या हुसेनसाबांना.

यंत्र म्हणालं: संशयित जुळी. एक काढू?

मी फोन केला.
"काढायचं म्हणजे कुठलं?" शिवलीला म्हणाली.
मग बराच वेळ कुणीच बोललं नाही,
तिच्याकडे एस. टी. स्टँडाचा भोंगा ऐकू येत होता.
माणूस एक, पुस्तकं दोन, असं ठरलं.
दोन्ही ठेवायची, एकाच माणसाखाली.
पण एकाच साली एकाच्या नावावर दोन आली
की सालापुढे अक्षर लागतं,
१९६२अ, १९६२ब,
आणि अ कुणाला द्यायचा?

दोघांनी आपापली प्रत काढली,
मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचला.
तिची फाल्गुनातली. माझी आषाढातली.
अ तिला गेला.
वाचनालयाच्या चिटणीसांना हे
मी अजून सांगितलेलं नाही.

आज कंग्राळीचा एक मुलगा जिना चढून आला,
हातात बिनमुखपृष्ठाचं चोपडं,
पहिली आठ पानं कसरीनं खाल्लेली.
आजोबांच्या ट्रंकेत मिळालं म्हणाला.
लेखक नाही, साल नाही, गाव कुठून असणार.
नवव्या पानावर अर्धं वाक्य सुरू होतं,
विहिरीला पाणी कुठे लागेल याविषयी.
तो टेबलाला टेकून माझ्या पडद्याकडे बघत राहिला.
"काय लिवालाईसा?"
काही नाही रे, म्हटलं,
कंस उघडलाय.
आत तुझं नाव टाकतो, टीप म्हणून,
कुणी आणलं ते.
स्वल्पविराम.
आता बंद.